कूलरची मोटार बदलली, पण तिचा फ्यूज कुठं आहे?

एप्रिल लागला की माळ्यावरचे, पडवीतले कूलर बाहेर निघतात. टाकी घासली जाते, पाणी झिरपणाऱ्या नव्या ताट्या बसतात, आणि आठवडाभरात गल्लीतल्या कुठल्या तरी घरातून जळक्या वार्निशचा वास येतोच. मोटार गेलेली असते. बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, मात्र जसाच्या तसा वर. मग हमखास प्रश्न येतो, "भाऊ, एमसीबी होता ना, मंग मोटर जळली कशी?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की तो एमसीबी मोटारीसाठी नव्हताच. तो भिंतीतली वायर जळू नये म्हणून आहे.

आकडेच बघा. १८ इंची पात्याची साधी कूलर मोटार पूर्ण वेगात दीडशे ते दोनशे वॉट खाते, म्हणजे २३० व्होल्टवर पाऊण ते एक अँपिअर. तीच मोटार जाम झाली, पातं फिरेना, तरी करंट वाढून वाढून दुप्पट-अडीचपट होतो. म्हणजे दोन, फार तर अडीच अँपिअर. आता एमसीबीचा नियम असा, की त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तो पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडला पाहिजे. १६ अँपिअरच्या एमसीबीला पडायला तेवीस अँपिअर लागतात. ६ अँपिअरचा लावला तरी पावणेसातपर्यंत तो हलणार नाही. अडीच अँपिअरवर मोटार रात्रभर भाजत राहिली तरी त्या दोघांच्याही दृष्टीनं घरात सगळं सुरळीत चाललंय.

मोटारीच्या दृष्टीनं मात्र सुरळीत काहीच नसतं. फिरणारी मोटार स्वतःच्याच वाऱ्यात थंड होत असते. पातं थांबलं की वारा गेला, आणि आत जाणारी तीन-साडेतीनशे वॉट वीज सगळीच्या सगळी उष्णता होऊन तांब्यात बसते. वाइंडिंगचं, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांचं, इन्शुलेशन बी क्लासचं असेल तर १३० अंश ही त्याची हद्द. बाहेर ४५ अंश असताना ती हद्द गाठायला फार मिनिटं लागत नाहीत.

आणि आपल्याकडे मोटार जाम व्हायला मोडतोड व्हावी लागत नाही. संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर एकदम सुरू होतात, डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरात होल्टेज १७०-१८० वर येतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे १७० वर जोर राहतो जेमतेम ५५ टक्के. त्यात बुशमधलं ग्रीस आठ महिन्यांत वाळून गोंदासारखं झालेलं. चालू मोटार कशीबशी ओढत राहते, पण लाइट जाऊन परत आली की सुरुवातीचा रेटा मिळत नाही. नुसती घूं करत बसते. घरातले झोपलेले असतात. बहुतेक मोटारी अशाच जळतात.

तिला वाचवणारी वस्तू बोर्डात नसते, वाइंडिंगच्या पोटात असते. चांगल्या कंपनीच्या मोटारीत तांब्याच्या वेटोळ्यांना चिकटवून शेंगदाण्याएवढा एक थर्मल प्रोटेक्टर दोऱ्यानं बांधलेला असतो. बाजारात त्याला टीओपी म्हणतात. आत दोन धातूंची पट्टी, ठरावीक तापमानाला ती वाकते आणि लाइन तुटते. गार झाली की पुन्हा जुळते. काही मोटारींत त्याऐवजी एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो. अंगावर तापमान आणि अँपिअर छापलेले, एकदा गेला की गेला. दोन्ही तापमान पाहतात, त्यामुळे जाम असो, ओव्हरलोड असो की उन्हानं तापलेली खोली, तिन्हींत काम करतात. साध्या फ्यूजला हे जमत नाही, कारण तो फक्त करंट पाहतो.

अडचण अशी, की मोटार रिवाइंडिंगला गेली की हीच वस्तू आधी कचऱ्यात जाते. जुनी वाइंडिंग छिन्नीनं कापताना ती निघते, नवी आणायला तालुक्याला जावं लागतं, आणि तिच्याशिवाय मोटार "फर्स्ट क्लास" चालते. त्यामुळे वाइंडिंगवाल्याकडे मोटार देतानाच सांगावं: टीओपी टाकायचा, मूळचा होता त्याच तापमानाचा, कॉमनच्या (दोन्ही वाइंडिंगना सामाईक) वायरला सिरीजमध्ये, स्लीव्ह घालून वेटोळ्यांना टेकवून बांधायचा, आणि वार्निश त्यानंतर. वरून पत्र्याच्या बॉडीवर चिकटवलेला चालत नाही, कारण बॉडी वाइंडिंगपेक्षा बरीच थंड असते. पट्टीला कळेपर्यंत आत कोळसा. थर्मल फ्यूज असेल तर त्याचे पाय झाळताना तो झाळण्याच्या उष्णतेनंच उडतो. पाय लांब ठेवून आणि झाळण व फ्यूज यांच्या मध्ये पकडीनं धरून झाळावं, नाहीतर दाबून बसवायची नळी वापरावी.

यातूनच निदानाची एक सोपी खूण मिळते. तीन वायरच्या मोटारीत प्लग काढून, कंडेन्सर सोडवून मल्टिमीटरनं ओहम मोजा. समजा ४०, ५५ आणि ९५ आले. ९५ ज्या दोन वायरींत आला त्या मेन आणि स्टार्टिंगच्या, उरलेली तिसरी कॉमन. कॉमन ते मेन ४०, कॉमन ते स्टार्टिंग ५५. आता बंद पडलेल्या मोटारीत मेन ते स्टार्टिंग ९५ येतोय, पण कॉमनला कशाशीच कंटिन्युइटी नाही, तर वाइंडिंग शाबूत आहे आणि प्रोटेक्टर उघडलाय. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. परत जुळला तर टीओपी होता, नाही जुळला तर एकदाच उडणारा फ्यूज. अशा कित्येक चांगल्या मोटारी "जळली" म्हणून भंगारात जातात. टीओपीवाली मोटार तपासताना प्लग आधी काढायचा, बटण बंद करून भागत नाही. बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरीत असलेले बोर्ड गावोगाव आहेत, आणि बटण चालूच राहिलं असेल तर गार झालेली मोटार हात आत असतानाच फिरायला लागते.

नवी मोटार घेताना दुकानात जुनी सोबत न्यावी. शाफ्टची जाडी, फिरण्याची दिशा, कंडेन्सरचा आकडा आणि आरपीएम, एवढं जुळलं पाहिजे. आरपीएमला लोक सगळ्यात कमी भाव देतात, आणि ओव्हरलोडचं सगळ्यात मोठं कारण तेच. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ९०० आरपीएमच्या मोटारीचं रुंद पातं १४०० च्या मोटारीवर चढवलं तर त्या वेगानं फिरवायला पावणेचारपट ताकद लागेल. मोटारीकडे ती नसते. ती १४०० ला पोचतच नाही, अकराशे-बाराशेवर धापा टाकत जास्त करंट ओढत राहते. वारा मात्र जोरदार येतो, म्हणून घरचे खूश. जून यायच्या आत वास येतो.

दुसरी करामत कंडेन्सरची. होल्टेज कमी म्हणून ४ एमएफडीच्या (मायक्रोफॅरडच्या) जागी ६ चा बसवतात. मोटार उठते, हे खरं. पण स्टार्टिंग वाइंडिंग या मोटारीत कायम चालू असते, आणि तिच्यातला करंट कंडेन्सरच्या आकड्याच्या जवळपास प्रमाणात, म्हणजे दीडपट होतो. उष्णता करंटच्या वर्गानं, म्हणजे सव्वादोनपट. होल्टेज २३० ला आलं की तीच वाइंडिंग आधी काळी पडते. जेवढा छापलाय तेवढाच कंडेन्सर, ४४० व्होल्ट एसीचा. जुना ४ चा मीटरवर ३ च्या खाली दाखवत असेल तर मोटार न उठण्याचं कारण होल्टेज नाही, तोच आहे. मोटारीसोबत कंडेन्सर नवाच टाकावा. जुन्याला हात लावण्याआधी त्याचे दोन्ही पाय बल्ब-होल्डरच्या वायरींनी जोडून रिकामा करावा.

फिरण उलटी आली तर तीन वायरींत अदलाबदल करून ती सुलटी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वरच्यासारखी दोन वाइंडिंग असमान असतील (४० आणि ५५), तर अदलाबदलीत स्टार्टिंग वाइंडिंग थेट लाइनवर येते आणि कंडेन्सर मेनवर. फिरेल, आणि गरम होईल. मोटार परत करून बरोबर दिशेची आणा.

आता फ्यूज. आधी करंट मोजायचा, अंदाजानं नाही. क्लॅम्प मीटर तीन कोरच्या अख्ख्या वायरीवर लावला तर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. एक-दीड फूट वायर घेऊन तिची फेज वेगळी काढा, मीटरच्या जबड्यातून तिचे पाच वेढे घ्या आणि आलेला आकडा पाचानं भागा. लहान करंटला साधे क्लॅम्प मीटर फार चुकतात, वेढे घेतले की चूक पाचव्या हिश्शावर येते. मागची-बाजूची दारं लावून, ताट्या ओल्या करून, पूर्ण वेगात मोजा. कोरड्या ताट्या आणि उघडं दार असताना आलेला आकडा खरा नसतो. समजा मीटरवर ४.२ आलं, तर चालता करंट ०.८४ अँपिअर.

मग प्लग काढून पातं दोरीनं बॉडीला घट्ट बांधा, हात लांब ठेवून पाच-सात सेकंद चालू करा, आकडा वाचा, बंद करा. समजा १०.५ आला, म्हणजे जाम करंट २.१.

या दोन आकड्यांमध्ये फ्यूज बसवायचा आहे. बाजारात मिळणारा ५ बाय २० मिमीचा काचेचा फ्यूज दोन जातींचा असतो. टोपीवर टी कोरलेला सावकाश उडणारा, एफ कोरलेला झटपट. मोटारीला टी, कारण सुरू होताना दोन-तीन सेकंद जाम करंटच वाहतो आणि एफ तिथंच उडू शकतो. टी जातीचा काचेचा फ्यूज आकड्याच्या दीडपट करंट तासभर सोसतो आणि २.१ पटीला दोन मिनिटांच्या आत उडतो. म्हणून जाम करंटला २.१ नं भागा: २.१ भागिले २.१ म्हणजे १ अँपिअर. चालता करंट ०.८४ त्याच्या खाली आहे, तेव्हा टी १ अँपिअर. दुकानदार सवयीनं २ अँपिअरचा देईल. त्याला २.१ अँपिअर म्हणजे जेमतेम त्याचा स्वतःचा आकडा, तो उडणारच नाही. १.६ चासुद्धा उडणार नाही, २.४ पर्यंत तो तासभर सोसतो.

काही मोटारींत चालता आणि जाम करंट इतके जवळ असतात की मध्ये बसणारा फ्यूज मिळतच नाही. छताच्या पंख्यांचं तर बहुतेक असंच असतं. तिथं फ्यूज फक्त शॉर्टसाठी, जाम झाल्यावरचा भरवसा एकट्या टीओपीवर. रिवाइंडिंगमध्ये तो टाकण्याबद्दल एवढा आग्रह याचसाठी.

फ्यूज बंद होल्डरमध्येच बसवा, फेजच्या वायरीत, कूलरच्या बटणांच्या आधी, पाणी उडणार नाही अशा जागी. काचेचा फ्यूज मोठ्या शॉर्टला फुटू शकतो, उघड्या क्लिपमध्ये ठेवू नये. पंपाला वेगळा फ्यूज असलेला बरा. पंप १८ ते ४० वॉटचा, करंट ०.२ अँपिअरच्या आत, त्याला अर्ध्या अँपिअरचा. पंप शॉर्ट झाला तरी पंखा चालू राहतो आणि दोष कुठं आहे तेही कळतं. फ्यूजच नको असेल तर १ अँपिअरचा सी जातीचा (सुरुवातीचा झटका सोसणारा) एमसीबी मिळतो, सांगून मागवावा लागतो. एक लक्षात ठेवा: एमसीबीचा आकडा ३० अंशांना ठरवलेला असतो. पत्र्याखालच्या ४५ अंशांत तो थोडा हलका होतो, म्हणजे थोड्या कमी करंटलाही पडू शकतो. पडला म्हणून त्या जागी १६ चा लावायचा नाही. आधी मोजायचं, मग लागलाच तर २ चा, आणि मोटारीत टीओपी आहे याची खात्री करून.

किटकॅटची, म्हणजे बोर्डावरच्या चिनी मातीच्या फ्यूजची, गोष्ट वेगळी. "फ्यूज सारखा उडून राह्यला, जाड तार टाकून द्या," असं सांगणारे आणि ते ऐकणारे, दोघंही कमी नाहीत. वायरीतली एक तार घातली तर काय होतं? ०.२ मिमी जाडीची एक तांब्याची तार सात अँपिअरच्या आसपास वितळते. ०.३ मिमीची तेराला. घरच्या दीड चौरस मिमी वायरीत ०.३ च्या बावीस तारा असतात. त्यातल्या तीन पीळ घालून बांधल्या की वितळायला चाळीसच्या जवळपास अँपिअर लागतात. तेवढ्यात भिंतीतल्या वायरीचं पीव्हीसी मऊ होऊन गळायला लागतं. पीळ घातलेल्या जाड तारेचा किटकॅट हा फ्यूज राहत नाही, तो फक्त चिनी मातीचा जोड असतो. किटकॅटमध्ये कल्हईची फ्यूज तार, ५ अँपिअर छापलेली, एकच पदर. आणि त्यातून मोटार वाचेल ही आशा सोडून द्यायची.

इथवर वायर आणि मोटार झाली. माणूस राहिला. पत्र्याची बॉडी, खाली पाण्याची टाकी, आत बुडालेला पंप, ओल्या फरशीवर अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि त्यातल्या कितीतरी घरांत एमसीबी असतो. तो का पडत नाही, याचाही हिशोब आहे.

घराची अर्थिंग म्हणजे बहुतेकदा अंगणात ठोकलेला पाइप. मे महिन्यात काळी माती तडकून कोरडी झालेली असते. समजा त्याचा रोध २० ओहम, डीपीच्या अर्थिंगचा ५. पंपाची फेज बॉडीला टेकली तर करंट २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. १६ च्या एमसीबीला याची जाणीवही होत नाही. ६ च्या सी एमसीबीला झटक्यात पडायला तीस अँपिअर तरी लागतात. नऊला तो अर्धा तासही घेऊ शकतो. तोवर कूलरच्या बॉडीवर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरी माणूस मरतो.

यावर इलाज एकच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत तोडतो. तो ओव्हरकरंट पाहत नाही, त्यामुळे एमसीबी सोबत हवाच. दोन्ही एकात हवं असेल तर आरसीबीओ मिळतो. ज्या घरांत आरसीसीबी "सारखा पडतो" म्हणून काढून ठेवलाय, तिथं न्यूट्रल आधी तपासा. न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या पाइपावर लाइट चालवायची सवय गावांत जुनी आहे. एखादी खोली आजही तशीच जोडलेली असली तर आरसीसीबी पडणारच, आणि पडतो ते बरोबरच करतो.

कूलरला तीन कोरची वायर, हिरव्या वायरीला लग लावून, रंग खरवडून, बॉडीला नट-वॉशरनं पक्की. मोटारीच्या बॉडीला वेगळी अर्थ. रबराच्या पायांवर बसलेली मोटार कूलरच्या पत्र्याला नीट टेकलेली नसते. पाणी भरताना प्लग बाहेर, मग माठ असो की नळी.

सगळं जोडलं की पहिल्यांदा थेट लाइनवर नाही, सिरीज बोर्डवर. शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये असला की काहीही शॉर्ट असो, अर्ध्या अँपिअरच्या वर करंट जात नाही. बल्ब पूर्ण पेटला तर जोडणी चुकलीय. मंद पेटला आणि पातं हळू सरकलं तर थेट लाइन द्या. तासभर चालवून पाच वेढ्यांनी पुन्हा मोजा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा करंट चढत गेला असेल तर बुश घट्ट बसलेत किंवा पातं कुठं तरी घासतंय. प्लग काढून पातं हातानं फिरवा, सोडल्यावर दोन-तीन फेऱ्या तरी स्वतःहून घेतली पाहिजे.

निघताना कूलरच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला टी १ अँपिअरचे दोन जादा फ्यूज चिकटपट्टीनं लावून ठेवा, आणि शेजारी खडूनं नाही, पेंटनं आकडा लिहा. मे महिन्याच्या रात्री अकराला फ्यूज उडाला की घरात जे हाताशी असतं तेच होल्डरमध्ये जातं, मग ती सिगारेटच्या पाकिटातली चांदी का असेना.